दोन कुलाबे, एक दार

१९८९ चा मे महिना होता. वार्षिक परीक्षा संपली की आम्ही भावंडं नाशिकहून नानीच्या गावी जायचो. सिन्नर तालुक्यातलं छोटं गाव, दगडमातीची घरं आणि मागे खडकाळ माळ. त्या वर्षी मामूंनी घराची जुनी भिंत पाडली होती आणि तिच्या दगडांचा ढीग अंगणात पडला होता. माझा मामेभाऊ सहा वर्षांचा, मी आठ वर्षांचा. संध्याकाळी त्या ढिगाशी खेळताना त्याच्या बोटाला विंचू चावला. लहानसा, तांबूस रंगाचा. नानीने चपलेने ठेचला, म्हणून रंग आजही लक्षात आहे.

गावात विंचू उतरवणारे एक बुजुर्ग होते. हिंदू-मुसलमान सगळेच त्यांच्याकडे जायचे. ते कुणाकडून पैसा घेत नसत. त्यांनी दम केला, खांद्यापासून बोटापर्यंत हात फिरवला आणि विचारलं, "बेटा, दर्द कहाँ तक है?" तो म्हणाला, "कम हो गया." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. विंचू उतरला होता.

रात्री त्याला दोनदा उलटी झाली. सदरा घामाने चिंब झाला. मे महिन्याची गरमी आहे, असं सगळे म्हणाले. मग त्याचे हातपाय बर्फासारखे गार पडले. नानीने त्याला गोधडीत गुंडाळलं. फजरच्या आधी त्याचा श्वास घरघरायला लागला आणि तोंडातून गुलाबी फेस आला. मामूंनी कुणाची तरी जीप मिळवली, पण सिन्नर येण्याआधीच सगळं संपलं होतं.

हा लेख त्या बुजुर्गांना दोष देण्यासाठी नाही. त्यांनी जे केलं ते नेक नीयतीने केलं. दुखणं थांबलं म्हणजे विष उतरलं, असं ते समजत होते आणि आम्हीही तसंच समजत होतो. ही समजूत कुठे चुकली, आणि चूक कळण्यासाठी माणसाला किती लांबचा प्रवास करावा लागला, याची गोष्ट मला सांगायची आहे. या प्रवासाचे दोन महत्त्वाचे टप्पे आपल्याच महाराष्ट्रात घडले आहेत.

बिरवाडीचा दवाखाना

शिक्षक झाल्यावर काही वर्षांनी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून मी डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र घरी आणलं. पुढे त्यांच्या संशोधनाबद्दल मिळेल ते वाचत गेलो. वाचताना एका ठिकाणी पुस्तक मिटून बसावं लागलं. उलटी, भरपूर घाम, गार हातपाय, शेवटी गुलाबी फेस. माझ्या मामेभावाची ती रात्र कुणीतरी ओळीने लिहून ठेवली होती.

बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड या गावचे, गरीब शेतकरी घरातले. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमधून एमबीबीएस झाले आणि १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. आज त्या जिल्ह्याला आपण रायगड म्हणतो. १९८१ पर्यंत त्याचं नाव कुलाबा होतं.

कोकणात लाल विंचू फार. भाताच्या पेंढ्यात, लाकडाच्या ढिगात, कौलांच्या फटीत तो सापडतो. चांगली धडधाकट मुलं आणि माणसं विंचू चावून मरत होती. पुस्तकात यावर पक्का उपाय नव्हता. बावस्कर रुग्णाच्या खाटेशेजारी बसून राहिले. चावल्यानंतर किती वेळाने उलटी झाली, घाम कधी आला, नाडी कशी चालली, रक्तदाब किती चढला, केव्हा उतरला, हे ते तासातासाने टिपत गेले. या नोंदींवर आधारलेला त्यांचा लेख १९८२ मध्ये लंडनच्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आला. विंचवाचं विष हृदयावर घाला घालणार आहे हे कोणत्या लक्षणांवरून आधीच ओळखायचं, हा त्याचा विषय होता.

त्यांच्या नोंदींतली एक गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. लाल विंचू चावलेल्या गंभीर रुग्णाला चावलेल्या जागी अनेकदा फारसं दुखतच नाही. जो वेदनेने किंचाळतो तो बहुतेक वेळा वाचतो. जो शांत असतो पण घामाने भिजतो, ओकतो आणि गार पडतो, तो धोक्यात असतो. आमच्या घरी त्या रात्री नेमकं उलटं मोजमाप लावलं गेलं होतं.

पुढे त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं. ही रक्तदाबाची गोळी, स्वस्त आणि साधी. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलताना हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. प्राझोसिन त्या वाहिन्या सैल करतं. १९८६ मध्ये याबद्दलचं त्यांचं लेखन 'लॅन्सेट'मध्येच छापून आलं. फुप्फुसात पाणी भरण्यापर्यंत गेलेल्या रुग्णांपैकी पूर्वी शंभरातले तीसएक दगावत होते. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर हा आकडा दोन-तीनच्या खाली आला. २०२२ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

१९८६ आणि १९८९. मधे तीन वर्षं होती. महाड आणि सिन्नर एकाच राज्यात आहेत.

न दिसणारं दार

पण विंचवाच्या विषाचा एवढासा थेंब शरीरात रसायनांचा पूर आणतो तरी कसा? मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. हे समजून घ्यायला मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमना मधल्या सुट्टीत कितीदा तरी गाठलं. त्यांनी फळ्यावर एक वर्तुळ काढून सुरुवात केली. मीही तिथूनच सुरुवात करतो.

वर्तुळ म्हणजे पेशी. तिच्याभोवती चरबीचा दुहेरी पातळ पडदा असतो, त्याला पेशीपटल म्हणतात. मीठ पाण्यात विरघळलं की सोडियमचे विद्युतभार असलेले कण सुटे होतात. अशा भारित कणाला आयन म्हणतात. चरबीच्या पडद्यातून आयन पार होत नाही. पेशीबाहेर सोडियम जास्त असतो, आत पोटॅशियम जास्त. मज्जापेशी स्वस्थ असते तेव्हा बाहेरच्या तुलनेत तिची आतली बाजू सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. म्हणजे पडद्याच्या दोन बाजूंना ताण आहे, दार उघडण्याचीच खोटी.

ही दारं म्हणजे आयन वाहिन्या. त्या प्रथिनांच्या असतात. सोडियमची वाहिनी सुमारे दोन हजार अमिनो आम्लांच्या एका लांब साखळीची बनलेली असते. या साखळीचे चार सारखे भाग पडतात. प्रत्येक भाग पेशीपटल सहा वेळा ओलांडतो. चारही भाग गोलाकार उभे राहतात आणि मधे एक अरुंद वाट तयार होते. या वाटेच्या सर्वांत निमुळत्या जागी चार भागांतून एकेक अमिनो आम्ल पुढे आलेलं असतं. ही चार मिळून सोडियमला आत घेतात आणि इतरांना बहुतांशी अडवतात.

दार उघडायचं केव्हा, हे ठरवणारे पहारेकरीही वाहिनीतच असतात. प्रत्येक भागातला चौथा तुकडा धनभारित असतो. पेशीची आतली बाजू ऋण असते तोवर तो आतल्या बाजूला ओढलेला राहतो. ताण कमी झाला की तो बाहेरच्या दिशेने सरकतो आणि दार उघडतं. सोडियम आत घुसतो, त्यामुळे शेजारचा ताण कमी होतो, मग शेजारचं दार उघडतं. मज्जातंतूतून संदेश असाच पुढे पळतो.

पण उघडलेलं दार लगेच बंदही व्हायला हवं. त्यासाठी आतल्या बाजूला एक झाकण आहे. तिसरा आणि चौथा भाग जोडणाऱ्या छोट्या दुव्यावर तीन अमिनो आम्लांची एक गाठ असते. दार उघडल्यावर सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात ही गाठ आपल्या जागी जाऊन बसते आणि वाट बंद होते. तेवढ्यात पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर जातो आणि पेशी पुन्हा पूर्वस्थितीला येते.

विंचवाचं विष या झाकणावर घाव घालतं. विषातलं एक छोटं प्रथिन वाहिनीच्या चौथ्या भागातल्या पहारेकऱ्याला बाहेरून धरून ठेवतं. झाकण बंद करण्याचा इशारा मुख्यतः याच पहारेकऱ्याच्या हालचालीने मिळतो. तो हलला नाही तर दार उघडतं, पण झाकण वेळेवर बसत नाही. मज्जातंतू थांबायच्या ऐवजी संदेश पाठवतच राहतो. घामाच्या ग्रंथींना घाम गाळायचा हुकूम, पोटाला ओकायचा हुकूम, ॲड्रेनॅलिन सोडायचा हुकूम. माझ्या मामेभावाच्या अंगात त्या रात्री हे चाललं होतं. बाहेरून तो शांत पडून होता.

दुसरा कुलाबा

हे दार कुणी पाहिलं, याचा इतिहास विलक्षण आहे, कारण कितीतरी वर्षं ते न पाहताच ओळखलं गेलं. इंग्लंडच्या ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी माकुळाच्या जाड मज्जातंतूत बारीक तार घालून विद्युतप्रवाह मोजले. १९५२ मध्ये त्यांनी सूत्रं मांडली. पडद्यात सोडियमची वेगळी आणि पोटॅशियमची वेगळी वाट असणार, सोडियमची वाट उघडणारी एक आणि बंद करणारी दुसरी यंत्रणा असणार, हे त्या सूत्रांत होतं. वाहिनी नावाचं प्रथिन मात्र कुणाच्या हाती लागलेलं नव्हतं. १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

आता पुन्हा १९७६ कडे येऊ. बावस्कर बिरवाडीत रुजू झाले ते हेच साल. त्याच वर्षी जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी काचेच्या केसाएवढ्या नळीचं टोक पेशीला लावून एकट्या वाहिनीतून जाणारा प्रवाह पहिल्यांदा मोजला. आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. लेखक दोन होते, ओबैद सिद्दीकी आणि सीमूर बेंझर.

ओबैद सिद्दीकी हे नाव आपल्या मोहल्ल्यांत फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. १९३२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बस्ती इथे जन्म, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिक्षण, ग्लासगोहून पीएच.डी. १९६२ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारायला बोलावलं. ही संस्था मुंबईत समुद्राकाठी आहे, कुलाब्याला.

सिद्दीकींचा विषय होता फळमाशी. पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावणारी ती चिमुकली माशी. १९७१ मध्ये कॅनडातल्या डेव्हिड सुझुकी यांच्या गटाला या माशीचा एक विचित्र वाण सापडला होता. नेहमीच्या तापमानाला माशी अगदी ठीक. तापमान सुमारे २९ अंशांच्या वर नेलं की ती लुळी पडायची. गारवा मिळाला की काही क्षणांत पुन्हा उठून चालायची. बिघडलेल्या जनुकाला नाव मिळालं 'पॅरा', पॅरालिसिसवरून. सिद्दीकी आणि बेंझर यांनी अशा माशांच्या मज्जातंतूंत आणि स्नायूंत विजेची नोंद घेऊन बिघाड कुठे आहे ते शोधलं. पॅरा माशीचे स्नायू शाबूत होते. तापमान चढल्यावर मज्जातंतूतून संदेशच पुढे जात नव्हता.

तो का जात नव्हता, याचं पूर्ण उत्तर १९८९ मध्ये मिळालं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेने पॅरा जनुक वाचून काढलं, तेव्हा कळलं की ते सोडियम वाहिनीचंच जनुक आहे. विंचू जे दार उघडं अडकवतो, तेच दार या माशीत गरमीने निकामी होत होतं. १९८९ हे साल मी दुसऱ्या कारणाने विसरू शकत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

म्हणजे १९७६ च्या सुमारास एक माणूस कुलाबा जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रात कंदील-बॅटरीच्या उजेडातही रुग्ण तपासत असेल, आणि दुसरा मुंबईच्या कुलाब्यात माश्यांच्या मज्जातंतूंच्या नोंदी वाचत होता. दोघांमधलं अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. एकाच्या हाती होता रुग्णाचा गार पडलेला हात, दुसऱ्याच्या हाती माशी. दोघं एकाच दाराशी उभे होते.

उर्दूत कुलाबा म्हणजे दाराची कडी ज्यात अडकते किंवा कवाड ज्यावर फिरतं ते लोखंडी कडं. बढाई मारणाऱ्याला आपण म्हणतो, हा जमीन-आसमानचे कुलाबे मिळवतो. ही दोन गावं आणि हा शब्द यांचा काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण या दोन कुलाब्यांचा मेळ घालताना मला कुठलीही बढाई मारावी लागली नाही.

२०१३ मध्ये बंगळुरूत रस्ता अपघातानंतर सिद्दीकींचं निधन झालं. त्याआधी त्यांनी तिथे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभं केलं होतं आणि त्यांना पद्मविभूषणही मिळालं होतं.

विंचवानेच दाखवलेलं दार

पुढची गोष्ट ऐकली तेव्हा मी मॅडमना म्हणालो, "हे खरं आहे ना?" खरं आहे. सोडियम वाहिनीचं प्रथिन पहिल्यांदा हाती लागलं ते विंचवामुळे. पेशीपटलात हजारो प्रकारची प्रथिनं असतात. त्यातलं सोडियमचं दार कोणतं, हे ओळखायचं कसं? अमेरिकेतल्या सिॲटलला विल्यम कॅटरॉल यांनी विचार केला की विंचवाचं विष तर हे दार अचूक ओळखतं. त्यांनी विषाच्या प्रथिनाला किरणोत्सारी खूण जोडली आणि प्रकाश पडल्यावर ते जिथे बसलं असेल तिथेच कायमचं चिकटेल अशी सोय केली. १९८० मध्ये या खुणेमागोमाग जाऊन त्यांनी वाहिनीचं प्रथिन ओळखलं. चार वर्षांनी जपानच्या शोसाकू नुमा यांच्या गटाने त्याची सगळी अमिनो आम्लं क्रमाने वाचली.

त्यासाठी प्रथिन घेतलं होतं विजेचा धक्का देणाऱ्या ईल माशातून. असे मासे हजारो पेशींची सोडियमची दारं एकाच क्षणी उघडून धक्का देतात. नाईल नदीतल्या विजेच्या माशाला अरबीत 'रअद' म्हणजे गडगडाट या शब्दावरून नाव पडलं आहे. बाराशे सालाच्या सुमारास इजिप्तला गेलेले हकीम अब्दुल लतीफ बगदादी यांनी त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. मासा जाळ्यात आला की कोळ्याचा हात बधिर होतो, हे त्यांनी कोळ्यांकडून ऐकून नोंदवलं. कारण त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं. पण जे ऐकलं ते त्यांनी लिहून ठेवलं.

पोटॅशियमच्या दाराची गोष्टही विंचवाशी जोडलेली आहे. रॉडरिक मॅकिनन यांनी विंचवाच्या विषातलं ३७ अमिनो आम्लांचं एक प्रथिन बुचासारखं वापरून पोटॅशियम वाहिनीचं तोंड कुठे आहे ते शोधलं. तिला चार भाग असतात हेही त्यांनी त्यावरूनच दाखवलं. १९९८ मध्ये त्यांनी जिवाणूच्या एका पोटॅशियम वाहिनीची रचना क्ष-किरणांनी अणूंच्या पातळीवर दाखवली आणि जुनं कोडं सुटलं. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असतो. मग मोठा जातो त्या दारातून लहान का जात नाही? उत्तर असं निघालं की आयनभोवती पाण्याच्या रेणूंचं वेष्टण असतं. दारातून जाताना ते उतरवावं लागतं. दाराच्या आतल्या भिंतीवर ऑक्सिजनचे अणू इतक्या मापात बसवलेले आहेत की पोटॅशियमला पाण्याची उणीव भासत नाही. सोडियम मात्र लहान असल्यामुळे त्या अणूंपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून तो पाणी सोडायला तयार होत नाही. या दारातून सेकंदाला दहा कोटींपर्यंत पोटॅशियम आयन जाऊ शकतात. २००३ मध्ये मॅकिनन यांना नोबेलचा वाटा मिळाला.

आपला लाल विंचूही या इतिहासात आहे. १९९० मध्ये त्याच्याच विषातून आयबेरिओटॉक्सिन नावाचं ३७ अमिनो आम्लांचं प्रथिन वेगळं केलं गेलं. ते एका विशिष्ट पोटॅशियम वाहिनीला बंद करतं. ही वाहिनी विजेचा ताण आणि पेशीतलं कॅल्शियम, या दोन्हींचं ऐकून उघडते. जगभरच्या प्रयोगशाळा तिचा अभ्यास करायला हे विष वापरतात. २०१९ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या एका विंचवाचं विष सोडियम वाहिनीच्या चौथ्या भागातल्या पहारेकऱ्याला धरून बसलेलं चित्रच शास्त्रज्ञांनी अतिथंड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिळवलं.

आपल्या घरातली दारं

हे सगळं दूरच्या प्रयोगशाळेतलं वाटेल, म्हणून जवळची उदाहरणं सांगतो. दाताचा डॉक्टर दाढ काढण्याआधी सुई देतो, तेव्हा लिडोकेन सोडियमचं दार बंद करतं आणि हिरडी बधिर होते. डासांची कॉइल जाळतो, तिच्यातलं ॲलेथ्रिन डासाचं सोडियम दार उघडं ठेवतं. निफाड-लासलगावचा शेतकरी कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी लॅम्बडा सायहॅलोथ्रिन फवारतो, तेही याच दारावर काम करतं. फवारण्या वाढल्या की पॅरासारख्या याच जनुकात बदल झालेले कीटक टिकून राहतात आणि औषध लागू पडेनासं होतं. सिद्दीकींनी अभ्यासलेली माशी अशी आपल्या शेतापर्यंत पोचते.

शरीर या दारांवर सतत नियंत्रण ठेवत असतं. काही दारं विजेच्या ताणाने उघडतात, काही विशिष्ट रसायन येऊन बसल्यावर. पेशी दारावर फॉस्फेटची खूण लावून ते हलकं किंवा जड करते. सुजलेल्या जागी नुसतं बोट लागलं तरी दुखतं, कारण तिथे वेदनेच्या मज्जातंतूंतली काही सोडियम दारं अशाच खुणांमुळे थोड्याशा धक्क्यानेही उघडतात. माणसात सोडियम वाहिनीचे नऊ प्रकार आहेत. २००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांबद्दल एक निबंध आला. त्यातल्या काही मुलांना जन्मापासून वेदनाच कळत नव्हती, कारण नऊपैकी एक वाहिनी त्यांच्यात चालत नव्हती. एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा, दंडात सुरी खुपसायचा आणि निखाऱ्यांवरून चालायचा. चौदा वर्षांचा होण्याआधीच छतावरून उडी मारून तो गेला. वेदना ही नेमत आहे असं आपली मोठी माणसं म्हणतात, ते मला या मुलाबद्दल वाचून पटलं.

उतरलं म्हणजे काय

आता त्या बुजुर्गांकडे परत येतो. त्यांचा उपाय कितीतरी वेळा लागू पडला असेल, नाहीतर गाव त्यांच्याकडे गेलंच नसतं. त्याचं कारण असं की आपल्याकडे मोठा काळा विंचूही सापडतो. तो चावला की माणूस तळमळतो, पण त्याचं विष सहसा जीव घेत नाही. काही तासांनी दुखणं आपोआप ओसरतं आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळतं. लाल विंचू चावला तरी प्रत्येकाच्या अंगात प्राणघातक मात्रा जात नाही. जे वाचले ते दुवा देत राहिले. जे गेले त्यांच्या घरच्यांनी तकदीर म्हटलं. जगलेल्यांची आणि मेलेल्यांची लक्षणं शेजारी शेजारी मांडून पाहायला कुणीतरी वही घेऊन बसावं लागतं. बावस्कर बसले.

ते गोळीवर थांबलेही नाहीत. लाल विंचवाच्या विषावरची लस आल्यावर त्यांनी महाडला ७० रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि लस. फक्त गोळी घेतलेल्यांना पूर्ण बरं व्हायला सरासरी सुमारे १८ तास लागले, दोन्ही मिळालेल्यांना सुमारे ८ तास. हा निबंध २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. आपल्याच जुन्या उपायात काय कमी आहे हे त्यांनी स्वतः मोजून दाखवलं.

म्हणून वाचकहो, एवढं लक्षात ठेवा. विंचू चावल्यावर दुखणं कमी झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. उलटी, भरपूर घाम, तोंडात लाळ सुटणं, हातपाय गार पडणं, मुलग्यात किंवा पुरुषात लिंगाला ताठरता येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी जवळच्या आरोग्य केंद्राकडे निघा. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहता निघा. जागा कापू नका, दोरी आवळू नका. गोळीही घरी मनाने देऊ नका, तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. ते डॉक्टरांचं काम आहे. तुम्हाला दुवा करायची असेल तर गाडीत बसून करा.

दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मुलं सुट्टीत गावी जाण्याआधी, मी ही लक्षणं फळ्यावर लिहितो. डाव्या बाजूला उर्दूत, उजव्या बाजूला मराठीत. मुलांनी ती वहीत उतरवून घ्यायची आणि घरी मोठ्याने वाचून दाखवायची. मागच्या वर्षी सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, ये तो साइन्स का है. उर्दू के पीरियड में क्यों?"

मी त्याला सांगितलं, "क्योंकि मेरी नानी को अंग्रेज़ी नहीं आती थी."